पोळ्याआडची रेवती

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली होती. पाटोळ्यांचा वास अजून घरात रेंगाळत होता. माझ्या चुलतभावाने आईच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाला, "काकी, पळय, काकाचो फोटो कसो बरो जाला तो!"

आईने चष्मा लावला. मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला. आणि विचारलं, "हें कोण रे?"

फोटो माझ्या बाबांचा होता. १९७८ साली आमच्या गावच्या देवळाच्या उत्सवात 'संशयकल्लोळ' झालं, त्यात बाबा रेवती झाले होते. गोव्यातल्या गावोगावच्या उत्सवी नाटकांत पुरुषांनी स्त्रीपार्ट करण्याची चाल शहरांपेक्षा बरीच उशिरापर्यंत टिकली, हे गोंयकारांना मी सांगायला नको. तुमच्याही घरात कुणीतरी काका-मामा 'सिंधू' नाहीतर 'भामिनी' होऊन गेलेला असेलच. बाबांनी चार-पाच वर्षं स्त्रीपार्ट केले. माझा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, आणि त्यानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. १९८८ मध्ये ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. म्हणजे नट म्हणून माझ्या वाट्याला आलेले बाबा तेवढे त्या एका फोटोत.

आता नाट्यमंडळ स्मरणिका काढणार होतं आणि फोटो द्यायचा होता. भावाने आपल्या मोबाइलवरून मूळ फोटोचा फोटो काढला आणि तो एका अ‍ॅपमध्ये घातला. त्या अ‍ॅपने दहा सेकंदांत बाबांना अशी काही कांती दिली, अशा पापण्या आणि असे ओठ दिले, की संध्याकाळच्या मालिकेतली सूनबाई शोभावी! कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे वर केले होते. भावाचा हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण आईचा प्रश्नही खरा होता. मी भावाला म्हटलं, "मला पंधरा दिवस दे." तो हसला. "तुझ्या त्या भुताटकीच्या कंप्युटरावर करणार?"

तर या भुताटकीबद्दल थोडं सांगायला हवं.

मी सरकारी कारकून. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. कंप्युटरशी संबंध आला तो कचेरीतल्या नोंदी टाइप करण्यापुरता. पण आमच्या भागातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओच्या बाबशी माझी दोस्ती होती. मोबाइलने त्यांचा धंदा बसवला, तेव्हा त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि आपला कंप्युटर, स्कॅनर व सीड्यांचा एक बटवा माझ्या स्वाधीन केला. कंप्युटर विंडोज एक्सपीवरचा. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये त्याच्याकडे बघणं सोडलं, म्हणून मी त्याला इंटरनेटची तार कधी जोडलीच नाही. त्यात फोटोशॉप ७, म्हणजे २००२ सालचं. 'हीलिंग ब्रश' नावाचं डाग बुजवण्याचं साधन त्यात पहिल्यांदा आलं. स्टुडिओवाले बाब म्हणत, "या ब्रशाने माझे डोळे वाचवले." आणि त्या सीड्यांच्या बटव्यात होते प्लग-इन.

प्लग-इन म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी केलेला, मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा तुकडा. आपल्या भजनी मेळ्याचं बघा. मेळा गावचा असतो, पण एकादशीला फोंड्याहून एखादा पखवाजवाला येऊन बसतो आणि त्या रात्रीपुरता मेळ्याचाच होतो. टॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी फोटोशॉप लिहिलं, १९९० च्या फेब्रुवारीत ते बाजारात आलं. बाहेरच्यांना आत येऊन बसता यावं असं दार त्यांनी सुरुवातीच्या काळातच ठेवलं होतं. त्या दारातून नव्वदच्या दशकात कोण कोण आलं! 'काईज पॉवर टूल्स' आलं, 'आय कँडी' आलं. कोपरा दुमडलेलं पान, आगीच्या ज्वाळा, काचेचे गोळे... त्या काळातला लग्नाचा अल्बम काढून बघा, नवरी-नवऱ्याच्या फोटोचा कोपरा एकदा तरी दुमडलेला सापडेल. त्या सगळ्या आतषबाजीला आज आपण हसतो. पण त्याच दारातून काही गुपचूप काम करणारेही आत आले, आणि मला त्यांच्याशीच कर्तव्य आहे.

जोडायची रीत सोपी. विंडोजवर हे फिल्टर '८बीएफ' या शेपटीच्या फाइलीत असतात. ती फाइल फोटोशॉपच्या 'प्लग-इन्स' नावाच्या फोल्डरात टाकायची, फोटोशॉप बंद करून परत उघडायचं, की 'फिल्टर' मेनूच्या तळाशी पाहुण्याचं नाव दिसतं. बस्स. पण आमच्या सरकारी फाइलीप्रमाणे इथेही सोपी रीत आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर असतं. नव्वदच्या दशकातले कित्येक फिल्टर 'एमएसव्हीसीआरटी१०.डीएलएल' नावाची एक फाइल मागतात. ती नसेल तर ते उघडतच नाहीत. काही फिल्टर मेनूत दिसतात पण फिकट करडे, दाबता येत नाहीत. पहिल्यांदा मी यावर अख्खा रविवार घालवला होता. कारण निघालं एवढंच की मी कृष्णधवल फोटो 'ग्रेस्केल'मध्ये उघडला होता आणि त्या फिल्टराला 'आरजीबी'शिवाय काही कळत नव्हतं. मोड बदलला, फिल्टर जागा झाला. फोटो काळापांढराच, पण अर्ज रंगीत छापील नमुन्यावर करायचा, असला प्रकार!

आणखी एक युक्ती बाबनी शिकवली होती. एखाद्या प्लग-इनमुळे फोटोशॉप सुरू होताना अडकत असेल तर त्याच्या फाइलीच्या किंवा फोल्डराच्या नावाआधी '~' ही नागमोडी खूण घालायची. फोटोशॉप तिच्याकडे दुर्लक्ष करतं. काढून टाकायची गरज नाही. कचेरीत काही माणसांच्या नावाआधी अशी खूण घालता आली असती तर...असो.

आता कुणी विचारेल, नव्या लॅपटॉपवर हे सगळं का करत नाही? तर करता येत नाही. २००८ मध्ये फोटोशॉपची ६४ बिटची आवृत्ती विंडोजवर आली आणि ३२ बिटचे जुने प्लग-इन तिच्यात चालेनासे झाले. ज्यांच्या कंपन्या जिवंत होत्या त्यांनी नव्याने लिहून दिले. ज्यांच्या गेल्या त्यांचे प्लग-इन अनाथ झाले. आमच्या जुन्या नोंदींची गत मला यात दिसते. पोर्तुगीज अमदानीतली वही आजही कायद्याने ग्राह्य असते, तिच्यावर घरंदारं उभी असतात, पण ती वाचणारा कारकून निवृत्त झाला की ती वही कपाटातल्या कपाटात मुकी होते. वही शाबूत, अक्षर शाबूत, वाचणारा नाही. म्हणून मी तो जुना कंप्युटर निवृत्त होऊ देत नाही. (बायकोचं मत वेगळं आहे. तिला तिथे शिवणाचं मशीन ठेवायचं आहे.)

बाबांच्या फोटोची दुखणी तीन होती. पहिलं म्हणजे फोटो लालभडक झाला होता. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगांचे थर असत, सायन, मजेंटा आणि पिवळा. त्यातला सायन बऱ्याच कागदांत सगळ्यात आधी मरे, अगदी अंधारात पेटीत ठेवलेला फोटो असला तरी. तो गेला की उरतो तो लालसर रंग. आपल्या अल्बमातली सत्तरीतली सगळी माणसं उन्हातान्हातून आल्यासारखी दिसतात ती यामुळे. दुसरं दुखणं कागदाचं. तो गुळगुळीत नव्हता. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक षट्कोनी जाळी त्यावर उठवलेली होती. तेव्हा त्याची फॅशन होती. हाताचे ठसे उमटत नाहीत, आणि नुसतं बघायला छान. पण स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक पोळ्याच्या कडेला एक उजळ रेघ आणि एक सावली येते. सगळा चेहरा त्या जाळीआड जातो. तिसरं दुखणं नेहमीचं, ओरखडे, बुरशीचे ठिपके, एक मोडलेला कोपरा.

रंगासाठी माझ्याकडे 'डिजिटल आरओसी' होतं. अमेरिकेतल्या अप्लाइड सायन्स फिक्शन नावाच्या कंपनीने ते केलं, २००३ मध्ये ती कंपनी कोडॅकने घेतली, आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. बाबच्या सीडीवर त्याची प्रत राहिली म्हणून माझ्याकडे आहे. लावलं आणि लाल पडदा बाजूला झाला हो! मागचा रंगवलेला बगीचा हिरवा झाला, खांब पांढरे झाले, आणि रेवतीचं नऊवारी लुगडं निळं झालं.

आई म्हणाली, "निळें न्हय. जांबळें."

आत्याला फोन केला. ती म्हणाली हिरवं. लुगडं आजीच्या पेटीतलं, उसनं नेलेलं, दोघींनीही बघितलेलं. पंचेचाळीस वर्षांनंतर कुणाचं खरं धरायचं? फिल्टर तर अंदाजच करत होतं. तीन थरांतला कुठला किती मेला असेल याचा सरासरी हिशेब मांडून त्याने 'निळं' असं उत्तर दिलं होतं. शेवटी आईलाच आठवलं की ते लुगडं फाटल्यावर वाकळीत गेलं. माळ्यावरून वाकळ काढली, एका बाजूची शिवण उसवली. वर आलेला भाग विटून राखाडी झाला होता, पण आतली घडी जांभळीच होती. करवंद पिकल्यावर होतं तसलं जांभळं. मग मी फिल्टरचा निकाल बाजूला ठेवला आणि लुगड्यापुरता रंग हाताने 'कर्व्हज'मध्ये बसवला, वाकळ मांडीवर घेऊन. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

खरी लढाई जाळीशी होती. आधी घरगुती उपाय केला. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा स्कॅन करायचा, दुसरा फिरवून पहिल्यावर ठेवायचा आणि पारदर्शकता पन्नास टक्के करायची. दिव्याची बाजू बदलल्यामुळे उजळ कडा आणि सावली एकमेकांना खातात. निम्मी जाळी गेली. निम्मी राहिली. ब्लर करून ती घालवायची म्हटली तर तिच्याबरोबर डोळेही जात होते.

मग एफएफटी. या तीन अक्षरांतला एक एफ फुरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचा. या जोसेफ फुरिएबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण नेपोलियनच्या काळात तो ग्रनोबलला प्रीफेक्ट होता, म्हणजे आमच्यासारखाच सरकारी नोकर (जरा वरच्या ग्रेडचा!). कचेरी सांभाळून त्याने उष्णतेचं गणित केलं आणि १८२२ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्याच्या म्हणण्याचा मला कळलेला भाग असा. कुठल्याही गुंतागुंतीच्या गोष्टीचे साध्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या लाटांत तुकडे करता येतात. देवळात भजन चाललंय, पंधरा आवाज, पेटी, पखवाज, बाहेर पोरांचा दंगा. त्यात झांज मात्र एकाच अंतराने वाजतेय. कान म्हणतात सगळं एकत्र आहे. फुरिए म्हणतो, नाही, जे ठरावीक अंतराने येतं ते वेगळं काढून दाखवता येतं.

ही क्रिया करणारं एक फुकट प्लग-इन बाबनी कुठूनतरी उतरवून ठेवलं होतं. ते चालवलं आणि चित्र नाहीसं झालं. काळ्या पडद्यावर मधोमध एक तेजस्वी ठिपका, भोवती धुकं, आणि त्या धुक्यात सारख्या अंतरावर सहा चांदण्या. त्यांच्या बाहेर आणखी फिक्या चांदण्यांचं कडं. बाबा कुठे नाहीत, रेवती कुठे नाही. पण त्या सहा चांदण्या म्हणजेच ती जाळी! साऱ्या फोटोभर पसरलेली हजारो पोळी तिथे सहा ठिपक्यांत गोळा झाली होती. काळा ब्रश घ्यायचा आणि त्या चांदण्या एकेक करून विझवायच्या. मधल्या ठिपक्याला मात्र हात लावायचा नाही, तो म्हणजे साऱ्या चित्राचा सरासरी उजेड. पहिल्या रात्री माझा हात तिथेच लागला आणि उलटी क्रिया केल्यावर जे परत आलं ते अंधारातलं भूत. दुसऱ्या वेळी अकरा-बारा चांदण्या विझवल्या, आणि सेव्ह करायच्या आधी लाइट गेली. तिसऱ्या रात्री जमलं. माझ्याकडच्या फिल्टरला रंग कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. म्हणून ते काम प्रतीवर केलं, ती प्रत रंगीत थराच्या वर ठेवली आणि 'ल्युमिनॉसिटी' हा पर्याय लावला, की खालचा रंग आणि वरचा उजेड एकत्र होतात.

रात्रीचे दीड वाजले होते. जाळी गेलेली. रेवतीच्या नाकातली नथ दिसली. मोत्यांतला एक मोती नव्हता, तिथे नुसती तार. आणि डाव्या बाजूला, जिथे आजवर नुसता तांबडा काळोख होता, तिथे विंगेतून बाहेर आलेला एक हात दिसला. हातात उघडी वही, मनगटावर पट्ट्याचं घड्याळ. प्रॉम्प्टर.

सकाळी आईला दाखवलं. ती बराच वेळ त्या हाताकडेच बघत राहिली. मग म्हणाली की तो माझा मामा. तिचा थोरला भाऊ. बाबांना पाठांतर कच्चं, म्हणून मामा दरवर्षी विंगेत उभा राहायचा. घड्याळ मुंबईहून आणलेलं आणि गावात दाखवायला मिळावं म्हणून बाह्या सरसावून वही धरायचा. मामाला जाऊनही आता वीस वर्षं झाली.

इथे थांबायला हवं होतं. पण हाताला खाज. जाळी गेल्यावर जो दाणेदारपणा उरला होता तो मला खुपायला लागला. बटव्यात 'नीट इमेज' होतं. हे फिल्टर फोटोतल्या एखाद्या सपाट भागातून, समजा मागच्या पडद्यातून, दाण्याचा नमुना घेतं आणि मग सगळीकडचा तेवढा दाणा वेचून काढतं. सुरेख काम. लावलं, फोटो लोण्यासारखा झाला. वर ओरखडे काढायचं आणखी एक फिल्टर फिरवलं. मी खूश. आईसमोर धरला.

ती म्हणाली, "बरो आसा." आणि थोड्या वेळाने, "भुंवयेवयली ती खूण खंय गेली?"

बाबांच्या डाव्या भुवईत एक खाच होती. लहानपणी माडाची पडलेली झावळी लागून झालेली. मेकअपच्या थराखाली ती अगदी पुसट दिसत होती, इतकी पुसट की एका फिल्टरने तिला दाणा समजून निम्मी खाल्ली आणि दुसऱ्याने ओरखडा समजून उरलेली बुजवली. मीही ती पाहिली नव्हती. हे लिहितानासुद्धा मला ओशाळं वाटतं. मोबाइलच्या अ‍ॅपने दहा सेकंदांत जे केलं तेच मी चार रात्री जागून, जुन्या बाटलीतल्या औषधाने केलं होतं. फरक म्हणाल तर एवढाच की अ‍ॅपने नसलेलं काही घातलं आणि मी असलेलं काही काढलं. आईच्या दृष्टीने दोन्हींत नवरा गेलाच होता.

नशिबाने कचेरीची एक सवय कामी आली. नोंदवहीत चूक झाली तर खरवडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. चुकीवर एक आडवी रेघ, वर नवा मजकूर, बाजूला सही आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. फोटोशॉपमध्ये मी तीच शिस्त पाळतो. मूळ थराला हात लावत नाही, प्रत्येक फिल्टर नव्या प्रतीवर आणि त्या थराच्या नावात काय केलं ते लिहून. त्यामुळे परत जाता आलं. वरच्या थराला मास्क लावला, काळा ब्रश घेतला आणि चेहऱ्यावरून फिरवला. काळा रंग जिथे लागतो तिथे वरचा थर फाटतो आणि खालचा दिसतो. भुवईतली खाच आली. तिच्याबरोबर दाणाही आला, गालावरचा मेकअपचा तडाही आला, मिशी काढल्यानंतरची ओठावरची निळसर झाकही आली. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. "थंय. आनीक मात्शें," असं सांगत होती. अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं. नथीतला हरवलेला मोती भरून काढू का विचारलं, तर म्हणाली, नको, तो त्याच प्रयोगात पडला होता आणि बाबा पूर्ण तिसरा अंक पायाखाली मोती येईल या भीतीने जपून चालत होते. प्रेक्षकांना वाटलं, काय डौल!

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

भावाला फाइल पाठवली. त्याचा फोन आला, "अरे, पण हा तर जुनाच दिसतो." म्हटलं, हो. मग त्याने विंगेतला हात बघितला आणि जरा वेळ गप्प बसला. मामाने त्यालाही सायकल शिकवली होती.

स्मरणिका उत्सवात निघाली. सव्वीसाव्या पानावर आठ फोटोंच्या चौकटीत बाबा आहेत, जेमतेम दीड इंचाचे. छपाईवाल्याने सगळ्या पानाला तपकिरी रंग दिलाय, जुनं वाटावं म्हणून. जांभळं लुगडं तपकिरी, मामाचा हात चौकटीबाहेर कापलेला. भुवईतली खाच भिंगातूनही दिसत नाही, मी बघितलं.

आईने त्या पानाकडे एकदा पाहून स्मरणिका देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली. मी काढलेली मोठी प्रत तिने वाकळीच्या घडीत ठेवली आहे, उसवलेली शिवण परत घालून. मूळ फोटो पेटीत. आणि कालच आत्याचा फोन आला होता, फोटो बघायला येते म्हणाली. वाकळ कुठे लपवायची ते अजून ठरलेलं नाही.